मेथीचं आजारपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला ऐकू येत नाही. समोरचा सावकाश बोलला तर ओठांवरून निम्मं कळतं, उरलेलं मी अंदाजाने भरतो. मेथी म्हणजे आमची कुत्री; लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत "मेथीला झालंय तरी काय?" याचं धड उत्तर देणं मला जमत नाही. गेले आठ महिने मी ठाण्याच्या नौपाड्यात जी अर्धवट उत्तरं दिली, त्यांतून मेथीला कॅन्सर झाल्याची, ती गेल्याची आणि एकदा तर मी तिला कुणाला तरी देऊन टाकल्याची बातमी पसरली. म्हणून बसून लिहून काढलं. प्रुफं तपासणं हा माझा धंदा आहे; शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर मला कळवा. औषधांबद्दल शंका आली तर मात्र मला न विचारता तुमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांना विचारा.

मेथी घरची कुत्री आहे की कामाची?

दोन्ही. जात देशी, रंग तपकिरी, कानांची टोकं काळी. कोलशेतला खाडीच्या बाजूला एका बांधकामाच्या वाळूत पिल्लू असताना सापडली. एका प्रशिक्षकाच्या मदतीने माझ्या बायकोने तिला जवळजवळ वर्षभर शिकवलं. दाराची बेल वाजली की ती येऊन माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवते आणि मला दारापर्यंत नेते. सकाळी गजर झाला की नाक मानेला लावते. बायकोने आतून "बोलाव त्याला" म्हटलं की हाताला ढुशी देऊन घेऊन जाते. धुराचा भोंगा वाजला तर मात्र तिकडे न नेता जागच्या जागी पोट टेकून झोपते. धोक्याची खूण वेगळी असावी लागते, नाहीतर कुत्रं माणसाला थेट आगीकडे घेऊन जाईल.

कुकरच्या शिट्ट्या मोजायला आम्ही तिला शिकवू शकलो नाही. ती प्रत्येक शिट्टीला येते, तीन झाल्या का हे मी बोटांवर मोजतो.

आंधळ्यांना वाट दाखवणारे श्वान लोकांना माहीत असतात. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ मध्ये त्यांची शाळा निघाली. बहिऱ्यांसाठीच्या श्वानांचं काम त्या मानाने अलीकडचं. ब्रिटनमधली संस्था १९८२ पासून आहे. या कामाला लॅब्रॅडॉरच लागतो असं नाही. कुत्रं चौकस हवं, खाण्यावर जीव असलेलं हवं, आणि आवाजाला घाबरणारं नको. मेथी या तिन्हीत बसते. म्हणजे, खाण्यावरचा जीव सोडला तर अजूनही बसते.

तुम्ही कानाला मशीन का नाही लावत?

मेनिंजायटिसने कान गेले. मशीन आवाज मोठा करतं, पण तो घेणारं आतलं यंत्रच मेलं असेल तर मोठ्या आवाजाचा काही उपयोग नसतो. या आजारानंतर कानातल्या शंखात हाड भरून येऊ शकतं. माझ्या दोन्ही कानांत ते आलं, त्यामुळे शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्रही बसवता आलं नाही. हा प्रश्न मेथीबद्दलचा नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हाच विचारला जातो.

तिला नेमकं काय झालंय?

किडनीचा जुनाट आजार. किडनीतल्या गाळण्या झिजल्या आहेत आणि त्यांतून रक्तातली प्रथिनं लघवीवाटे गळतात. याची सुरुवात गोचीड तापाने झाली असावी, असं डॉक्टरांचं मत आहे.

गोचिडाने किडनी जाते? येऊरला गवतात फिरवायचात म्हणूनच ना?

पहिल्याचं उत्तर हो, जाऊ शकते. गोचिडातून येणारा एर्लिकिया नावाचा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. ताप येतो, प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. तो शरीरात दडून राहिला तर त्याच्याशी लढताना तयार झालेले कण किडनीच्या गाळण्यांत जाऊन बसतात आणि गाळण्या खराब करतात.

दुसऱ्याचं उत्तर, येऊरला उगाच बदनाम करू नका. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड ही इमारतीत राहणारी बाई आहे. रक्त पिऊन झालं की ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. आमच्याकडे ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत सापडली. कुत्र्याला औषध देऊन घर तसंच ठेवलं तर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गोचीड काढायची तर चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची. बोटांनी चिरडायची नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुम्हीही कराल. दोन वर्षांपूर्वी मेथीला गोचीड ताप आला तेव्हा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन अठ्ठावीस दिवस सांगितलं होतं. बाराव्या दिवशी ती पोळीचा तुकडा पळवून पलंगाखाली गेली. मी म्हटलं, झाली बरी. गोळ्या बंद केल्या. उरलेलं पाकीट परवा ड्रॉवरमध्ये सापडलं, सोळा दिवसांचं. तेवढ्यानेच किडनी गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी विचारलं नाही.

इतकं होईपर्यंत कळलं कसं नाही?

किडनी हा मुका अवयव आहे. साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढायला तर तीन चतुर्थांश काम जावं लागतं. पहिली खूण म्हणजे पाणी जास्त पिणं आणि लघवीला जास्त होणं. आम्हाला ती दिसली होती. पण मे महिना होता. ठाण्यात मे महिन्यात कोण पाणी जास्त पीत नाही?

दुसरी खूण मी चुकीची वाचली. एका दुपारी कुकरच्या पहिल्या शिट्टीला मेथी आली, दुसरीला आली नाही. खिचडी करपली. मी तिच्याकडे बोट रोखून रागावलो, ती कान पाडून बसली. पुढच्या आठवड्यात बेलला दोनदा उठली नाही. मला वाटलं वय झालं, आळशी झाली. खरं तर तिला मळमळत होतं.

कामाचं कुत्रं दुखणं लपवतं. पट्टा दिसला की अंगात असेल नसेल तेवढं बळ आणून उभं राहतं. त्यामुळे त्याच्या आजाराची पहिली खबर बऱ्याचदा कामातल्या चुकीतून येते. तुमचं शिकवलेलं कुत्रं अचानक चुकायला लागलं तर शिकवणी वाढवण्याआधी त्याचं रक्त आणि लघवी तपासून घ्या. सात वर्षांच्या पुढे तर काही झालेलं नसतानाही वर्षातून एकदा तपासा.

रिपोर्टमधल्या आकड्यांचा अर्थ काय?

हा प्रश्न शेजाऱ्यांचा नव्हे, ज्यांच्या घरी हेच चालू आहे त्यांचा. जगभर या आजाराचे चार टप्पे मानतात. कुत्र्याचं क्रिएटिनिन १.४ च्या खाली असेल तर पहिला, २.८ पर्यंत दुसरा, ५ पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यात क्रिएटिनिन चांगलं दिसतं, पण लघवीत किंवा सोनोग्राफीत खोट सापडते. कुत्र्याच्या शरीरात पाणी कमी असताना हा आकडा फुगतो, म्हणून आधी सलाईन देऊन, काही दिवसांनी पुन्हा तपासून मगच टप्पा ठरवतात. पहिला कागद हातात पडल्यावर आम्ही दोघं रात्रभर जागलो, त्याची गरज नव्हती. मेथी आज ३.४ वर आहे, म्हणजे तिसऱ्यात.

लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी असलेलं प्रमाण वेगळं तपासतात. कुत्र्यात ते ०.५ च्या वर गेलं तर गळती धरतात. मेथीचं २ च्या आसपास आहे. आणि रक्तदाब. हो, कुत्र्याचाही मोजतात, पुढच्या पायाला किंवा शेपटीला पट्टा गुंडाळून. १६० च्या वर राहिला तर किडनीला आणि डोळ्यांना धोका. दवाखान्यात शिरल्या शिरल्या मोजू देऊ नका; दहा मिनिटं कोपऱ्यात शांत बसवा. भीतीनेही तो चढतो.

बरी होईल ना? डायलिसिस, किडनी बदलणं असं काही?

बरी होणार नाही. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, उरलेल्या जपायच्या. डायलिसिसचा खरा उपयोग विषबाधा किंवा उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोसारख्या अचानक आलेल्या दुखण्यात, जिथे किडनी सावरेपर्यंत वेळ काढायचा असतो. किडनी बदलण्याचा विचार कुत्र्यांत सहसा कुणी करत नाही, शरीर ती झिडकारतं.

किती दिवस, हे मला विचारू नका. काही कुत्री तिसऱ्या टप्प्यावर वर्षापेक्षा जास्त छान जगतात.

घरी सलाईन लावता म्हणे? शिरेतून?

शिरेतून नाही, कातडीखाली. ज्याला जमेल त्याच्यासाठी सविस्तर लिहितो. पण किडनीच्या प्रत्येक कुत्र्याला ते लागत नाही. हृदय कमजोर असेल किंवा प्रथिनं फार गळत असतील तर जास्तीचं पाणी छातीत साठू शकतं. किती आणि आठवड्यातून किती वेळा, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार.

आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनची, बाटली घ्यायची. साखरेचं सलाईन कातडीखाली चालत नाही. बाटली पातेल्यातल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची आणि स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, बाळाच्या दुधासारखी. थंडगार पाणी आत गेलं तर कुणालाही शहारा येईल. आमची बाटली खिडकीच्या गजाला, पंचांगाच्या खिळ्याशेजारी लटकते. नळीतली हवा काढून टाकायची. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि तंबूच्या दारातून सुई आडवी सरकवायची. उभी खुपसलीत तर पलीकडच्या बाजूने बाहेर येते आणि तुमचा सदरा भिजतो. माझे दोन भिजले.

पाठीवर उंटासारखा फुगवटा येतो. तो हळूहळू पुढच्या पायांकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा पाय सुजलेला बघून बायको रडली होती. दुसऱ्या दिवशीही जिरला नाही, किंवा श्वास जोरात चालला, तर लगेच डॉक्टर. दर वेळी नवी सुई. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाकतो आणि बरणी भरली की दवाखान्यात देतो. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुया टाकू नका, सफाई कामगाराच्या हातात जातात.

पंधरा मिनिटं तिला जागेवर कसं बसवायचं? माझ्या मांडीवर डोकं, आणि बायको समोर बसून भाजी निवडते. समोर कुणी भाजी निवडत असेल तर मेथीला तिथून हलवत नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही, मग रात्री ती ओकली, कण्हली तर कळतं कसं?

हा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण तोच खरा आहे. सहा वर्षं ती माझ्यासाठी ऐकत होती. तिचा स्वतःचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. कण्हली तरी मला पत्ता नाही, आणि बायको ऐरोलीहून दमून येते, तिची झोप कुंभकर्णाची. पहिल्या महिन्यात दोनदा सकाळी उठल्यावर फरशीवर फेसाळ पिवळं दिसलं. ती कधी ओकली, किती वेळ एकटी उभी राहिली, काही कळलं नाही.

मग लहान बाळांसाठीचा मॉनिटर आणला. त्याचं एक टोक तिच्या गादीशी ठेवतात, दुसरं माझ्या उशीशी. आवाज झाला की त्यावर दिव्यांची रांग चढते आणि ते थरथरतं. तिची गादीही माझ्या पलंगाला चिकटवून घेतली. माझा हात तिच्या बरगड्यांवर असतो. झोपेत मिनिटाला तीसपर्यंत श्वास ठीक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. ओकण्याआधी कुत्र्याचं पोट दोन-तीनदा आत ओढलं जातं, ते हाताला कळतं. मॉनिटरच्या आधी कळतं.

बाकीचं डोळ्यांनी. रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघतो. त्या गुलाबी आणि ओल्या हव्यात. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. फिकट पडल्या तर रक्त कमी झालं असं समजायचं, कारण रक्त बनवायला सांगणारा संदेशही किडनीच पाठवते. तोंडाला लघवीसारखा वास, जिभेवर फोड, लाळ गळणं, ओठ चाटत राहणं या मळमळीच्या खुणा. दर रविवारी वजन: मी तिला उचलून काट्यावर उभा राहतो आणि माझं वजा करतो. सतरा किलोची होती, आता साडेचौदा. सगळं वहीत लिहितो. पाणी किती ठेवलं, किती उरलं, तेही मापाने.

गणपतीत तलावपाळीकडे ढोल वाजतात ते मला पोटात कळतात. तेव्हा तिच्या छातीवर हात ठेवला की दोन्ही ठोके वेगळे ओळखू येतात.

तिला काय चालतं? एक बिस्कीट दिलं तर काय होतं?

एकाने काही होत नाही. पण आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडं आहेत.

किडनीच्या आजारात मुख्य शत्रू फॉस्फरस आहे, मग मीठ. त्यामुळे हाडं बंद, पनीर बंद, कलेजी बंद, पापड-फरसाण बंद. अंड्याचा पांढरा भाग चालतो, पिवळा नाही. किडनीच्या कुत्र्यांसाठीचं तयार खाणं मिळतं आणि खाल्लं तर तेच सगळ्यात उत्तम. मेथीने पाच दिवस खाल्लं आणि सहाव्या दिवशी वाटी नाकाने ढकलून सोफ्याखाली घातली. आता डॉक्टरांनी आखून दिलेल्या मापाने भात, थोडं चिकन, अंड्याचं पांढरं आणि लाल भोपळा. त्यात कॅल्शियमची पूड, माशाचं तेल आणि फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध. हे औषध जेवणातच मिसळून द्यावं लागतं. रिकाम्या पोटी दिलंत तर बांधायला काही नसतं. मनाने 'घरचं साधं जेवण' सुरू करू नका, वरणभातावर कुत्रं महिनोन्‌महिने ठेवलं तर दुसऱ्याच गोष्टी कमी पडतात.

एक धडा. नवं खाणं कुत्रं मळमळत असताना सुरू करायचं नाही. त्या वासाशी मळमळ जोडली जाते आणि मग ते जन्मात खात नाही. आधी मळमळीचं औषध, एक-दोन दिवसांनी नवी वाटी. आणि जेवण किंचित गरम करा, वास सुटतो.

द्राक्षं आणि मनुका कोणत्याच कुत्र्याला नाहीत, त्यांनी धडधाकट किडनीही बंद पडू शकते. सत्यनारायणाच्या शिऱ्यात मनुका असतात. कृपया.

पुनर्नवाचा काढा देऊन बघा. अंग दुखत असेल तर क्रोसिन?

काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. घरातली वेदनाशामक गोळी अजिबात नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याची किडनी आणि पोट दोन्ही जातं. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका.

कुठे दाखवता? डॉक्टरांचं बोलणं कसं समजतं?

रोजचं इथेच, नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे. मोठ्या तपासण्यांसाठी परळला जनावरांच्या कॉलेजात गेलो. १८८६ पासूनचं हे कॉलेज आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई रुग्णालय मुंबई-ठाण्याच्या जुन्या लोकांना माहीत आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पूर्व द्रुतगती मार्गाने परळ पंचवीस-तीस किलोमीटर. सकाळी लवकर निघालो तर ठीक, नाहीतर तिला वाटेत लघवीला दोनदा उतरवावं लागतं, आणि हायवेवर ती कुठे उतरवणार? गाडीत जुनी चादर आणि लहान मुलांचे डायपर पसरून ठेवतो.

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असतो, म्हणजे माझ्यासाठी खोलीतला दिवाच मालवलेला. बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप मी टेबलावर ठेवतो. ते औषधांची नावं भयंकर लिहितं. एकदा त्याने क्रिएटिनिनचं 'क्रिकेट नीट' केलं होतं. म्हणून औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ कागदावरच लिहून घेतो. एका ठिकाणी मी लिहून मागितलं तर उत्तर माझ्याऐवजी बायकोकडे बघून दिलं गेलं. तिथे परत गेलो नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मास्क काढून, दोन पावलं मागे सरकून बोलायला सुरुवात केली, मी न सांगता.

आजारी कुत्रीला अजून कामाला लावता? दया नाही येत?

आली होती. निदान झालं त्या रात्री मी तिची कामं बंद केली. बेल काढून ठेवली, गजराला उशीखाली थरथरणारी चकती आणली, कुकरसाठी घड्याळ लावलं. मला वाटलं, आता आराम कर बाई.

चार दिवस ती घरभर फिरत होती. माझ्याकडे यायची, गुडघ्यावर पंजा ठेवायची, आणि मी उठलो की कुठे न्यायचं ते न कळून तिथेच उभी राहायची. पाचव्या दिवशी जेवली नाही. क्रिएटिनिन होतं तेवढंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय बदललंय?

मग वाटणी केली. सकाळचा गजर गेला तो गेलाच, तिची झोप महत्त्वाची. कुकरही गेला, स्वयंपाकघराच्या फेऱ्या तिच्या पायांना झेपत नाहीत. बाजारात, जांभळी नाक्याच्या गर्दीत ती आता येत नाही. मी पाठीमागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांचा विचार करत भिंतीच्या कडेने चालतो. बेल मात्र तिची. संध्याकाळी पाच ते सात ती चालू असते. बक्षीस म्हणून उकडलेल्या भोपळ्याचा तुकडा. पूर्वी चीज असायचं, पण भोपळ्यावर तिची तक्रार नाही. ज्या दिवशी सलाईन असतं, त्या दिवशी बेलही बंद.

तुमचं कुत्रं वाट दाखवणारं असेल तर हा हिशेब वेगळा. तिथे दमलेल्या कुत्र्याची चूक रस्त्यावर महागात पडते. ते काम लगेच थांबवा, पण घरातलं एखादं बिनधोक काम त्याच्याकडे राहू द्या.

आतापासूनच दुसरं कुत्रं का नाही आणत?

प्रश्न व्यवहारी आहे, मी रागावत नाही. शिकवायला वर्ष लागतं आणि मला गरज आहे. पण धडपडं पिल्लू घरात आणून आजारी कुत्रीला त्याच्या उड्या सोसायला लावणं मला पटत नाही. तोवर दिवे लागणारी बेल, थरथरणारी चकती आणि बायकोची हाक चालते. म्हणजे हाक नाही, ती पाय फरशीवर दोनदा आपटते.

सोसायटीत लिफ्ट वापरू देतात का? जिन्यात लघवी झाली तर?

देतात. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरेपणाची नोंद आहे. हे कागद मी सभेला घेऊन गेलो होतो, पण काढायची वेळच आली नाही. तळमजल्याच्या आजींनी "दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्याला एक जड झालं का?" एवढं विचारलं आणि विषय संपला. असं मला नंतर लिहून दाखवण्यात आलं.

लघवी होते, कारण या आजारात ती आवरत नाही. ती शिस्त विसरलेली नाही. माझ्या पिशवीत फडकं आणि पाण्याची बाटली असते. तुम्हाला आधी दिसलं तर दार वाजवू नका, मेसेज करा. पाच मिनिटांत पुसतो.

आमच्या मुलांना तिच्यापासून काही होईल?

या आजाराने नाही. लेप्टो मात्र वेगळा. पावसाळ्यात उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांनाही होतो, माणसांनाही, आणि त्यातही किडनी जाते. मेथीची तपासणी त्यासाठी झाली, तिला तो नाही. तुमच्या कुत्र्यांना दर वर्षी त्याची लस द्या आणि साचलेलं पाणी पिऊ देऊ नका.

खर्च?

सलाईन आणि गोळ्यांपेक्षा तपासण्या खिसा रिकामा करतात. रक्तदाबाची आणि प्रथिनगळतीची गोळी माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळते. कुत्र्यांचे विमे निघतात, पण निदान झाल्यावर त्या आजारासाठी नाही. कुत्रं लहान असतानाच चौकशी करा.

काका, मेथी मरणार का?

तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या बाईंनी चिठ्ठीवर लिहून विचारलं. हो. लगेच नाही, पण मरणार आहे. तू काही केल्यामुळे नाही. तू दिलेल्या बिस्किटामुळेसुद्धा नाही. तिला सध्या फार दुखत नाही, औषधं आहेत. तुला यायचं असेल तेव्हा येऊन तिचे कान खाजव, डावा जास्त आवडतो.

तिला शांतपणे झोपवायचं इंजेक्शन देणार का?

वेळ आली तर हो. आम्ही दोघांनी ती वेळ आधीच ठरवून वहीत लिहिली आहे, कारण त्या दिवशी डोकं चालणार नाही. सलग दोन दिवस खाल्लं नाही, औषध देऊनही ओकत राहिली, किंवा बेल वाजल्यावर मान उचलून पाहिलंही नाही, तर डॉक्टरांना घरी बोलवायचं.

काय होतं ते मी आधीच विचारून ठेवलं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. ते लागल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात. नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा दिसतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. तेव्हा ती गेलेलीच असते. हे आधी माहीत नसेल तर माणूस आयुष्यभर त्या श्वासाचा विचार करत बसतो. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलंय की मास्क लावू नका, आणि हृदय थांबलं की माझ्या हातावर टॅप करा. स्टेथोस्कोप मला उपयोगाचा नाही.

तिला भेटायला कधी येऊ?

सोमवार आणि गुरुवार सोडून, संध्याकाळी पाच ते सात. खाऊ आणू नका. बेल एकदाच वाजवा आणि थांबा. पुन्हा वाजवू नका, ती गोंधळते. तिला गादीवरून उठून माझ्या टेबलापर्यंत यायला वेळ लागतो, मध्ये एकदा बसते. दार उघडेल.